सीमोल्लंघन २०२४ : एका सहलीच्या आखणीच्या नोंदी

३० जून, रविवार

ऑफिसात प्रत्येक कामाची अशी वही ठेवतो, मग घरचं काम का सोडा? आई-बाबा २ ऑगस्टला साताऱ्याहून येताहेत. ऑक्टोबरात लेकीच्या, ओवीच्या, शाळेतून आठवडाभर रजा काढायची आणि युटा-ॲरिझोनातल्या लाल दऱ्या दाखवून आणायच्या, एवढं ठरलंय.

पहिला आराखडा आज तयार. युटातली पाचही राष्ट्रीय उद्यानं, म्हणजे झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटॉल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स. तिथून मॉन्युमेंट व्हॅली, पेज गाव, ग्रँड कॅन्यन, आणि परत कॅलिफोर्नियात अर्वाइनला घरी. नऊ दिवस, साधारण १,६५० मैल. नकाशावर वर्तुळ छान गोल दिसतं. बायकोने, मृणालने, पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आणि बघायचं कधी?"

१ जुलै, सोमवार

आर्चेसला वेळेचं आरक्षण लागतं, गाडीमागे २ डॉलर. ऑक्टोबरची आरक्षणं आज सकाळी आठला खुली होणार म्हणून आठला चहा घेऊन बसलो. सकाळच्या वेळा बऱ्याचशा गेलेल्या! आठ म्हणजे युटाचे आठ, आमचे सात. दुपारी एकची वेळ मिळाली, ती घेऊन टाकली.

नोंद: या सहलीत घड्याळाचा घोळ होणार आहे. वेगळं पान करायचं.

१४ जुलै, रविवार

व्हिडिओ कॉलवर बाबांना आराखडा वाचून दाखवला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कोयनेच्या पाण्यावर अर्धं आयुष्य गेलं. सगळ्या मुक्कामांची नावं त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "त्या मोठ्या दरीत विष्णूचं देऊळ आहे ना रे? वाचलंय मी कुठंतरी."

देऊळ नाही, डोंगर आहे. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने ग्रँड कॅन्यनचा अभ्यास करून १८८२ मध्ये मोठा ग्रंथ काढला. दरीतून वर आलेले सुटे डोंगर त्याला पूर्वेकडच्या देवळांसारखे दिसले, म्हणून तशीच नावं दिली गेली. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल. पुढे त्यांत राम, कृष्ण, मनू, बुद्ध आणि झरतुष्ट्रही आले. दरीच्या तळाशी जो काळा, जुना खडक आहे त्याचंही नाव विष्णू शिस्ट, वय सुमारे १७५ कोटी वर्षं.

हे सगळं सांगितलं. आई मागून म्हणाली, "मग बाकीचं काही दाखवलं नाहीस तरी चालेल ह्यांना."

तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

१० ऑगस्ट, शनिवार

चाचणी. आई-बाबांना घेऊन सॅन डिएगोला गेलो, जाऊन-येऊन १८० मैल. वही मृणालच्या हातात दिली होती, तिच्या नोंदी जशाच्या तशा: "निघालो ८:१०. बाबांनी पाय हलवायला सुरुवात ९:०५. 'जरा थांबूया का' ९:३०. उतरताना दरवाजा धरून अर्धा मिनिट उभे. येताना तेच, फक्त दहा मिनिटं आधी."

म्हणजे हिशेब ऐंशी मिनिटांचा. त्यापुढे गाडी थांबली पाहिजे आणि थांब्याला निदान वीस मिनिटं दिली पाहिजेत. आपल्या सेडानची सीट खोल, तिच्यात बसणं आणि उठणं दोन्ही त्रासाचं. मिनिव्हॅन भाड्याने घ्यायची. तिची पायरी बुटकी आणि दार सरकतं.

या हिशेबाने पहिला आराखडा तपासला. टोरी (कॅपिटॉल रीफजवळचं गाव) ते मोआब (आर्चेसजवळचं), १५० मैल. गूगलच्या मते अडीच तास, आमच्या मते साडेतीन. शिवाय ग्रीन रिव्हर ते सलायना हा हमरस्त्याचा शंभरावर मैलांचा पट्टा, तिथं ना पंप ना चहा. आम्हाला त्या पट्ट्याचं जेमतेम टोकच लागणार होतं, पण त्या भागाची जात कळायला तेवढं पुरे.

याच आठवड्यात बातमी आली. लेक पॉवेलच्या काठावरची एक दुहेरी खडक-कमान ८ तारखेला कोसळली. ओवीने तिचं चित्र काढून फ्रीजवर लावलं होतं. ती बघायला बोटीने जावं लागतं, त्यामुळे आमच्या यादीत ती नव्हतीच. तरी ओवी रुसलीच.

११ ऑगस्ट, रविवार

काटछाट. मोआब रद्द, म्हणजे आर्चेस आणि कॅन्यनलँड्स गेली. त्यांच्याबरोबर कॅपिटॉल रीफ आणि मॉन्युमेंट व्हॅलीही. आरक्षणाचे २ डॉलर बुडाले.

जेवताना मी सांगून टाकलं, "मोआब पुढच्या खेपेला करू." आई पोळीवर तूप घालत होती, तिने वरही पाहिलं नाही. "पुढच्या खेपेला कोण येतंय बाबा," म्हणाली. बाबांनी लगेच विषय बदलून आमटीला मीठ कमी असल्याचं सांगितलं. आमटीला मीठ व्यवस्थित होतं.

रात्री तासभर पुन्हा नकाशा उघडून बसलो. मोआब कुठे बसतंय का ते पाहिलं. नाही बसत.

दुसरा आराखडा: १२ ऑक्टोबर शनिवार, दसरा, लास वेगास. १३ आणि १४ झायन. १५ ब्राइस. १६ पेज. १७ आणि १८ ग्रँड कॅन्यन, दक्षिण काठ. १९ किंगमन. २० घर. सुमारे १,२८० मैल. दसऱ्याच्या आधी घर सोडायचं नाही ही आईची अट. त्यामुळे नेवाडाची हद्द ओलांडली की आपसूक सीमोल्लंघन.

अडचण एकच. १४ ऑक्टोबरच्या सोमवारी इथे सुट्टी आहे, त्यामुळे झायनच्या दाराशी, स्प्रिंगडेलमध्ये, खोल्यांचे भाव अंगावर येतात. घेतल्या तरीही, कारण तिथून उद्यानाची बस पकडायला गाडी काढावी लागत नाही. मार्च ते नोव्हेंबर झायनच्या मुख्य दरीत खाजगी गाडी जाऊच देत नाहीत. २००० सालापासून बसच चालते. दरीत नऊ थांबे आहेत. बाबांना बसून दरी बघता येईल, आणि शेवटच्या थांब्यावरून नदीकाठची डांबरी पायवाट आहे, एकेरी एक मैल. एंजल्स लँडिंगच्या कड्यासाठी २०२२ पासून सोडतीत नंबर लागावा लागतो. तो विषय आमच्यापुरता निघालाच नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

उंचीचं पान. बाबांनी स्वतःच केलं, मीटरमध्ये, त्यांच्या त्या सरकारी टपोऱ्या अक्षरात. कळसूबाई १,६४६. महाबळेश्वर १,३५३. पेज १,३१०, म्हणजे महाबळेश्वरच धरा. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २,१००. ब्राइस २,४०० च्या पुढे. "म्हणजे आपण दरीच्या काठावर उभे असणार ते कळसूबाईच्या डोक्यावर," बाबा म्हणाले. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, इथल्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ब्राइसला एकच रात्र, पाणी भरपूर, पहिल्या दिवशी चढ-उतार नाही.

ब्राइसला नावात कॅन्यन असलं तरी ती नदीने कापलेली दरी नाही. पठाराच्या कडेचे नैसर्गिक सभामंडप आहेत. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि खडक असा फुटत फुटत सुळके उरतात. ऑक्टोबरातच तिथं रात्री पारा शून्याखाली जातो. आईने लोकरीच्या दोन शालींची नोंद स्वतः वहीत केली.

२४ ऑगस्ट, शनिवार

ग्रँड कॅन्यनच्या काठावरच्या खोल्या वर्षभर आधी भरतात. रोज सकाळी कॉफीच्या आधी रद्द झालेल्या खोल्या बघतोय. आज सतराव्या दिवशी १७ आणि १८ ऑक्टोबर, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, शेजारी शेजारी! कार्डाचा नंबर टाकताना हात थरथरत होता, हसू नये कुणी.

३० ऑगस्ट, शुक्रवार

झालं. ग्रँड कॅन्यनची पाण्याची मुख्य नळवाहिनी चार ठिकाणी फुटली. कालपासून दक्षिण काठावरचे सगळे मुक्काम बंद. दिवसा येऊन जा म्हणतात. शौचालयं चालू, आग पेटवायला मनाई.

मी डोकं धरून बसलो. बाबांना मात्र तरतरी आली. चष्मा लावून तासभर वाचत होते, मग मला कागदावर काढून दाखवलं. उत्तर काठाच्या पोटात रोअरिंग स्प्रिंग्ज हा झरा. तिथलं पाणी साडेबारा मैलांच्या नळाने खाली उतरतं, तळाशी कोलोरॅडो नदी ओलांडतं, पलीकडे आपल्याच दाबाने अर्ध्या वाटेपर्यंत चढतं, आणि तिथून पंप त्याला दक्षिण काठावर फेकतात. "उलटा सायफन आहे हा," बाबा म्हणाले. "पण नळ ॲल्युमिनियमचा! साठच्या दशकातला! आणि दरड कोसळते तिथून नेलाय. फुटेल नाही तर काय होईल?" २०१० पासून पंच्याऐंशीच्या वर वेळा फुटलाय. नवीन वाहिनीचं काम गेल्या वर्षी सुरू झालं.

"दुरुस्त करतील," बाबांनी निकाल दिला. "पाणी बंद ठेवून कुणाला झोप येत नाही. मी होतो ना त्या खात्यात."

तरी मी उद्यानाच्या दाराबाहेर टुसायानमध्ये, रद्द करता येणाऱ्या दोन खोल्या धरून ठेवल्या. तिथल्या हॉटेलांना या नळाची झळ नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कालपासून मुक्काम पुन्हा सुरू. बाबांनी "बघ" असं तोंडाने म्हटलं नाही, पण चहा पिताना भुवई वर होती. टुसायानच्या खोल्या तरीही सोडलेल्या नाहीत. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ठेवतो. उद्या गणपती. आठवडाभर या वहीला सुट्टी.

१५ सप्टेंबर, रविवार

अँटिलोप कॅन्यन. पेजच्या बाहेर नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे, त्यामुळे आमचा ८० डॉलरचा वार्षिक पास तिथे चालत नाही. (तीन उद्यानांचं सुटं प्रवेशशुल्क गाडीमागे ३५ प्रमाणे १०५ होतं. पास घेतलाय.) नवाहो वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या अँटिलोपमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. तिथे फारसा पाऊसच नव्हता; तो वर, मैलोगणती लांब पडला होता. ज्याने सांदण दरी पाहिलीय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. समोरासमोरच्या भिंतींत हात पसरायची जागा नाही, आणि डोक्यावर भिंतीत अडकलेला ओंडका दिसतो. तो तिथं पाण्यानेच नेऊन ठेवलेला असतो.

खालच्या दरीत लोखंडी जिने आहेत, तीव्र. वरच्या दरीचा तळ सपाट, पण तिथपर्यंत वाळूतून उघड्या गाडीचे धक्के, आणि परत येताना बाहेरून पायऱ्या. वरच्या दरीत दुपारी जे उन्हाचे झोत उतरतात त्यांच्यासाठी मधल्या वेळांचे भाव चढे असतात. पण ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य कललेला असतो, झोतांचा हंगाम संपलेला. मग बाराचे पैसे का द्यायचे? १७ तारखेची सकाळी साडेनऊची वेळ, वरची दरी, तीन तिकिटं: आई, मृणाल, ओवी.

बाबा म्हणाले, "मला धरणावर सोड." ग्लेन कॅन्यन धरण पेजलाच आहे, किंबहुना पेज हे गावच १९५७ मध्ये धरणाच्या कामगारांसाठी वसवलं. उंची २१६ मीटर, आपलं कोयना १०३. पाणी १९६३ ला अडवलं आणि जलाशय भरायला १९८० उजाडलं. सतरा वर्षं! बाबा हा आकडा दिवसभर येता-जाता म्हणत होते. समोरच्या पुलावर मी त्यांच्याबरोबर उभा राहणार. खरं तर मलाही दरीपेक्षा तेच बघायचंय, हे मृणालला सांगितलेलं नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

घड्याळाचं पान, जुलैपासून राहिलेलं.

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतं. ॲरिझोनातच असलेला नवाहो प्रदेश करतो. पण पेज गाव आणि अँटिलोपचे सहलवाले ॲरिझोनाची वेळ धरतात. फोन नवाहो हद्दीतल्या मनोऱ्याला चिकटला की आपोआप तासभर पुढे उडी मारतो, आणि परत मागे येतो. साडेनऊच्या तिकिटाला माणूस साडेआठला जाऊन बसतो. नाहीतर मनातल्या मनात दुरुस्ती करायला जातो आणि साडेदहाला पोचतो.

यावर उपाय शोधत असताना बाबांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. चावीचं एचएमटी, लग्नातलं, काच पिवळी पडलेली. आल्यापासून त्यांनी ते भारतीय वेळेवरच ठेवलंय. "मग तुम्हाला इथली वेळ कळते कशी?"

"अर्धा तास वजा करायचा. रात्रीचा दिवस समजायचा. झालं."

खरंच की! सध्या कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे. तबकडीवर फक्त अर्ध्या तासाचा फरक दिसतो. नेवाडा तेच. ऑक्टोबरात ॲरिझोनाही तेच. युटा साडेअकरा तास मागे, तिथे अर्धा तास मिळवायचा. संपूर्ण सहलीचं गणित, आणि त्याला मनोरा लागत नाही, चार्जिंग लागत नाही. बाबांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलं: "युटा + ॥. बाकी सर्व − ॥." अर्ध्यासाठी त्यांची ती जुनी दोन उभ्या दांड्यांची खूण. ओवीला ते अकरा वाटले. पुठ्ठा गाडीच्या आरशाला लावायचा.

५ ऑक्टोबर, शनिवार

टुसायानच्या खोल्या सोडल्या. नळ शाबूत आहे.

ग्रँड कॅन्यनचे दोन दिवस आज नीट लावले. पेजहून कॅमेरॉनमार्गे आलं की पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू दारातून आत शिरतो, आणि विष्णू टेंपल त्याच रस्त्यावरच्या थांब्यांवरून दिसतं. म्हणजे आधी विष्णू, मग हॉटेल. बाबांना वाट बघावी लागणार नाही. शिवासाठी दुसऱ्या दिवशी हर्मिट रस्त्याची फुकट बस, तिथेही या दिवसांत खाजगी गाड्या बंद.

आणि हे सापडलं, इतके दिवस कसं दिसलं नाही कोण जाणे. काठावर 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची सपाट, फरसबंद पायवाट आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत धातूच्या खुणा, आणि बाजूला दरीतल्या एकेका थराचा दगड मांडून ठेवलेला, हात लावायला. सह्याद्रीचा काळा पत्थर साधारण ६६ मीटरवर, म्हणजे सुरुवात केली न केली तोच. दरीच्या काठाचा चुनखडक २७० वर. आणि विष्णू शिस्ट पावणेदोन किलोमीटरवर. दरीत न उतरता बाबांचा हात त्याला लागेल. पावणेदोन किलोमीटर, वाटेत बाकं. चाकाची खुर्ची बरोबर घ्यायची का, हा प्रश्न मी काढला नाही, मृणालने काढला. बाबा म्हणाले, "घ्या. पण मी ढकलणार ती. आधार होतो."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मिनिव्हॅन आणायला गेलो तर भाड्याच्या गाडीवाल्यांनी उंच पायरीची जीप पुढे केली. "याच वर्गात मोडते," म्हणाले. पाऊण तास उभा राहिलो, पण व्हॅन घेऊनच आलो.

बांधाबांध: माणशी रोजचं चार लिटर पाणी. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं. गोळ्यांचे दोन संच, दोन वेगळ्या बॅगांत. युटा-ॲरिझोनाचे नकाशे फोनमध्ये उतरवून घेतलेले, शिवाय एक कागदी.

१६ तारखेला कोजागरी, ती पेजमध्ये, जलाशयाच्या काठी. ब्राइसच्या थंडीत आली नाही ते बरं झालं. आटवलेलं दूध खोलीवर कसं करायचं यावर आई आणि मृणाल यांच्यात दोन दिवस चर्चा. मायक्रोवेव्हमध्ये उतू जातं, किटलीत लागतं. शेवटी वेलची-जायफळ-केशराची पूड दूध पावडरीत घोटून डबा भरलाय. पेजच्या दुकानातून ताजं दूध घ्यायचं, गरम करायचं आणि डब्यातलं त्यात मिसळायचं. आईने चव घेऊन बघितली. "कोजागरीपुरतं आहे," म्हणाली, म्हणजे पास.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी व्हॅनला झेंडूचा हार. तो आरशाला बांधला तर पुठ्ठा झाकला जातो, म्हणून पुढच्या जाळीला बांधला. ९:४० ला निघालो.

आपट्याची पानं इथं कुठली. ओवीने पिवळ्या कागदाची कापली होती, मधे घडी घालून. नेवाडाची पाटी मागे पडल्यावर प्रिमला गाडी थांबवली आणि पेट्रोल पंपाच्या सावलीत सगळ्यांनी सोनं वाटलं. बाबांनी आपलं पान घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं आणि मला वेळ लिहायला सांगितली. तबकडीवर तीन वाजून पाच. म्हणजे २:३५.

मीटर २३१ मैल. थांबे चार, अंदाजापेक्षा एक जास्त.